वीतभर शिवण

अकोल्याच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर सध्या बाभळींना कापूस लागला आहे. शिगोशीग भरलेल्या गाड्या सकाळपासून जात राहतात, कडेच्या काटेरी फांद्या त्यांना ओरबाडतात, आणि काट्याकाट्यावर चिमूटभर पांढरं अडकून बसतं. निवृत्त माणसाने सकाळी फिरायला गेलंच पाहिजे असं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलेलं; मीही आपली मुकाट्याने जाते. परवा चालता चालता एका फांदीवरचा पुंजका हाती घेतला आणि कसलाही विचार न करता गालाला लावला. गार लागला. रात्रभर दव पिऊन बसला होता. एवढंसं ते. पण माझे पायच थांबले. मागून येणारा सायकलवाला 'बाई, बाजूले व्हा ना' म्हणत कडेने गेला, तरी मी तिथेच उभी. गालावरचा तो ओलावा पुसायलाही हात उठेना.

कापूस गालाला लावून पाहायची खोड वडिलांची. ते एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. गाडी आली की तिच्या पोटातून, वरवरचा नव्हे, मूठभर कापूस उपसायचा, उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचा, काळ्या कापडावर पसरायचा आणि बोटांनी तंतू ओढून ओढून सरळ करत बसायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. उत्तरेचा उजेड त्यांना लागे, कारण तो दिवसभर एकसारखा राहतो. रंगीत सदरा त्यांनी कामावर कधी घातला नाही. सदऱ्याचा रंग कापसावर पडतो म्हणत. पण या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्यांदा, ते तो कापूस गालाला लावत. ओला आहे का ते डोळ्यांना कळत नाही, बोटांनाही नीटसं कळत नाही, गालाला कळतं. कापसाएवढा पाणपिता पदार्थ दुनियेत नाही, वरून कोरडाठाक दिसतो आणि आत मुरवून ठेवतो, हे मी शाळेत जायच्याही आधीपासून ऐकत आले. तुम्ही हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी आयुष्यभर पेट्या बनवल्या. लोकांना सांगितलं की दूरदूरच्या ग्रहांच्या हवेचा अभ्यास करणारी उपकरणं बनवते, तर ते एकदम आदराने बघू लागत आणि मग विचारत की रात्री जागावं लागत असेल ना. छे. जागणारे निराळे. मी दिवसा काम करणारी बाई; पेचकस, हातमोजे, डोक्याला टोपी, आणि समोर एक धातूची पेटी. दुर्बीण प्रकाश गोळा करते, तो या पेटीत येतो, पेटी त्याचा पट्टा पसरते आणि त्या पट्ट्यात कुठे कुठे काळोख आहे ते टिपून घेते. एखादा ग्रह आपल्या ताऱ्याच्या समोरून सरकतो तेव्हा त्या ताऱ्याचा थोडासा, अगदी नखाएवढाही नाही इतका प्रकाश ग्रहाच्या हवेच्या काठातून गाळला जाऊन आपल्यापर्यंत पोचतो. तिथे पाण्याची वाफ असेल तर पट्ट्यात तिची खूण उमटते. आता गंमत अशी, की तो प्रकाश शेवटी आपल्या हवेतूनच खाली येतो, आणि आपल्या हवेत पाणी काय कमी आहे? म्हणून दुर्बिणी उंच, कोरड्या डोंगरांवर नेऊन बसवतात, आणि तरीही सारं कसब आपल्या हवेची खूण वेगळी काढण्यात असतं. त्यात ही पेटी उष्णतेचा प्रकाश बघणारी. ती स्वतःच गरम राहिली तर स्वतःलाच बघत बसेल. म्हणून तिच्यातली हवा उपसायची आणि तिला इतकं गार करायचं की आत चुकून राहिलेला पाण्याचा कणही जाऊन थंडगार काचेवर बर्फ होऊन चिकटेल. आमच्या धंद्यात चोर एकच, पाणी.

दक्षिणेतल्या, समुद्राकाठच्या ज्या मोठ्या शहरात आमची संस्था होती, तिथे वऱ्हाडातली माणसं दोनच. एक मी. दुसरे माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, या कामाचे प्रमुख, अमरावती जिल्ह्यातले, चांदूर बाजारच्या संत्र्यांच्या बागा असलेल्या घरातले. मी त्यांना भाऊ म्हणे. बाकी सारे सर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं आणि अकोला ऐकल्याबरोबर म्हणाले की बरं झालं, पेटी कोरडी राहीन, तुमच्या गावात तर पाणीच नाई. मी म्हटलं, तुमच्या अमरावतीले तरी कुठं समुद्र आहे. झालं, जमलं. पुढची अकरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं एका कोपऱ्यात बसून मोठमोठ्याने बोलत असू आणि आजूबाजूच्यांना आम्ही भांडतोय असंच वाटे. एकदा एक पुण्याची मुलगी घाबरून मध्ये पडायला आली. आम्ही तर आलुबोंड्यावरच्या झणझणीत तर्रीबद्दल बोलत होतो.

भाऊंचं एक पालुपद होतं: पह्यले आपलं घर झाड, मंग शेजाऱ्याच्या घरात डोकाव. नव्या आलेल्या पोरापोरींना ते हे सांगत, म्हणजे आधी आपल्या हवेची, आपल्या पेटीची, आपल्या काचेची खूण वजा करा, मग ग्रहाचं नाव काढा. त्यांच्या हाताखाली कामाचा कंटाळा कधी आला नाही. रविवारी त्यांच्या घरी जेवायला जायचं हे ठरलेलंच होतं. वहिनी पातोडीचा रस्सा करत, भाऊ ठेच्यासाठी मिरच्या भाजत, आणि मी एकटी राहणारी बाई आठवडाभराचं बोलणं तिथे बोलून घेई. मी लग्न केलं नाही. का नाही, याला काही मोठी कहाणी नाही, राहून गेलं. त्या घरात मला हे कोणी विचारलं नाही, म्हणूनही ते घर मला आवडे.

आता त्या शिवणीकडे येते. किती टाळलं तरी यायलाच हवं.

पेटीच्या आत, गार भागाभोवती, एक पांघरूण असतं. बिस्किटाच्या पुड्याच्या चकचकीत कागदाहून पातळ अशा पत्र्यांचे थरावर थर, मध्ये मच्छरदाणीसारखी जाळी, आणि हे सगळं कडेने शिवलेलं. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून. कागदोपत्री त्याचं लांबलचक नाव होतं, आम्ही त्याला गोधडी म्हणत असू, आणि ती शिवायचं काम माझं. दोरा ठरलेला, कृत्रिम धाग्याचा, पाणी न धरणारा. शिवून झाली की गोधडी निर्वात भट्टीत कित्येक दिवस भाजायची, तिच्यातला ओलावा पार हाकलायचा, मग तिला उघड्या बोटांनी हात लावायचा नाही, तिच्या तोंडाशी बोलायचंसुद्धा नाही. हे नियम मीच लिहिले होते. पेटी डोंगरावर रवाना व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी पाहते तर गोधडीची खालची एक कड, तारा बाहेर काढायच्या फटीपाशी, वीतभर उसवलेली. ठरलेला दोरा संपलेला, नवा यायला दोन दिवस. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. भाऊ पुढे डोंगरावर गेलेले. आणि माझ्या पर्समध्ये, बायकांच्या असते तशी, एक सुई आणि एक पांढरं रीळ. सुती. अकोल्याहून आणलेलं.

मी शिवलं. दुहेरी दोरा घेतला, घट्ट बसावं म्हणून. मनात काय होतं सांगू? काही नव्हतं. एवढंच होतं की हा आपल्याकडचा दोरा आहे, कोरडा आहे, चांगला आहे. अकोल्याच्या माणसाला ओलावा नावाच्या गोष्टीची धास्तीच नसते. आमच्याकडे वैशाखात धुणं पिळून होईतो वाळतं. कापसाच्या पारख्याची मुलगी मी, आणि तो दोरा मी गालाला लावून पाहिला नाही. पाहिला असता तर त्या समुद्राकाठच्या शहराच्या हवेत महिनोन् महिने पर्समध्ये पडलेला तो दोरा काय झाला होता ते एका क्षणात कळलं असतं. शिवण झाली, नोंदवहीत 'गोधडी तपासली' एवढं लिहिलं, पेटी बंद केली. दोऱ्याचं लिहिलं नाही. विसरले नव्हते. उगाच कोणी पेटी परत उघडायला लावू नये म्हणून लिहिलं नाही.

पहिल्या काही रात्री नुसत्या ताऱ्याच्या मिळाल्या, ग्रह समोर नसतानाच्या. मग ढग आले. मग ग्रह समोरून जातानाच्या तीन रात्री मिळाल्या, काही काही दिवसांच्या अंतराने. आणि या रात्रींतून त्या रात्री वजा केल्या तर पाणी दिसलं! भाऊंनी मला बोलावून आलेख दाखवला. त्यात एक खळगा होता, जिथे असायला हवा तिथे, स्वच्छ. ते नुसतं बोट ठेवून उभे राहिले. वीस वर्षांपासून हा माणूस या एका खळग्याची वाट पाहत होता. त्यांनी मला एकच विचारलं, पेटी कोरडी आहे ना? मी म्हटलं, हाव.

निष्कर्ष छापून आला. अमरावतीच्या वर्तमानपत्रांत भाऊंचा फोटो आला, चांदूर बाजारला सत्कार ठरला. भाऊंनी मला बळेच नेलं. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर अख्खं गाव, गुरुजी, संत्र्यांचे व्यापारी, त्यांच्या वर्गातले म्हातारे झालेले मित्र. शाल-श्रीफळ झाल्यावर भाऊ बोलायला उठले आणि ग्रहाचं, ताऱ्याचं राहिलं बाजूला, त्यांनी मला व्यासपीठावर ओढलं. म्हणाले, हे सारं ह्या अकोल्याच्या बाईमुळं झालं, पेटी हिनं कोरडी ठेवली. टाळ्या पडल्या. मलाही तेव्हा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. त्या टाळ्या आजही कानात वाजल्या की मला घरातल्या घरात उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

सहा महिन्यांनी डागडुजीसाठी पेटी उघडायची होती. मी डोंगरावर गेले. पेटी हळूहळू कोमट करत आणतात, आणि आतला दाब मोजणारा काटा बघत बसतात. एका ठराविक जागी तो काटा उसळला. बर्फ सुटतो तेव्हाच उसळतो तसा. म्हणजे आम्ही ग्रहावर पाहिलेलं पाणी आमच्याच काचेवरचं होतं. बरोबरची माणसं चहाला गेली तेव्हा मी गोधडीची खालची कड वर केली, आणि ती माझी पांढरी शिवण तिथे होती, नीटनेटकी, घट्ट. मी कात्रीने दोरा काढला, खिशात घातला आणि नवा, बरोबर दोरा घेऊन शिवण पुन्हा घातली. मग अहवाल लिहिला. आत बर्फ आढळला. संभाव्य कारण, झाकणाच्या रबरी कड्यातून अचानक झालेली गळती, बहुधा ग्रहाच्या रात्री सुरू होण्याच्या सुमारास. ते झाकण आणि ते कडं भाऊंनी आखलेलं होतं.

अहवाल त्यांनी माझ्यासमोर वाचला. पुन्हा वाचला. मी म्हटलं आता हे विचारतील, आता पेटी स्वतः उघडून बघतील, आणि मग मी सांगून टाकेन. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "असन." एवढंच. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी निष्कर्ष मागे घेतला, कारण म्हणून गळती लिहिली, स्वतःच्या आखणीतला दोष म्हणून. वर्षभरात मुदतीआधीच निवृत्ती घेऊन चांदूर बाजारला निघून गेले. निघताना सामानाच्या गाडीपाशी वहिनींनी मला मिठी मारली. भाऊ म्हणाले, येत जाजो. मी म्हटलं, येईन.

नऊ वर्षं गेले नाही.

त्या नऊ वर्षांबद्दल काय सांगायचं. मी आणखी एक पेटी बनवली, आधीच्यापेक्षा चांगली. कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातला रुमालसुद्धा मी दाराशी काढून ठेवायला लावी. पोरं मागून मला खडूस म्हणत, बरोबरच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच कोपऱ्यात बसत असे, डबा उघडून, भिंतीकडे तोंड करून. वऱ्हाडी बोलायला कोणी नाही म्हणून कधी कधी पेटीशीच बोलत असे: काहून वं, आज काटा खाली येऊन नाई राहिला? साठाव्या वर्षी निवृत्त होऊन अकोल्याला परत आले. दर दिवाळीला भाऊंना फोन व्हायचा. तब्येत, पाऊस, संत्र्याचा भाव. तीन मिनिटं. प्रत्येक वेळी फोन ठेवायच्या आधी दोन्हीकडे एक थांबणं येई, आणि दरवर्षी मला वाटे की ते थांबणं माझं आहे. रविवार मला खायला उठे. माणूस एकटं राहतं तेव्हा ते इतकं एकटं नसतं. ज्या घरी आपलं पान मांडलेलं असतं त्या घरी जायचं तोंड उरलं नाही की मग ते एकटं होतं.

तर परवा तो कापूस गालाला लागला आणि मी काल सकाळी अमरावतीची एसटी धरली. तिथून दुसरी, चांदूर बाजारची. वाटेत सारखी वाक्यं जुळवत होते, कोणत्या शब्दाने सुरुवात करावी. शेजारच्या बाईने विचारलं, कोण्या गावाले चालल्या? सांगितलं. कोणाकडे? म्हटलं, भावाकडे. बोलून गेले आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले.

भाऊ बागेतच होते. वाळले आहेत, पण पाठ ताठ. मला बघून त्यांना नवल वाटलं असं काही दाखवलं नाही. म्हणाले, आली का, बस. संत्र्याची झाडं मलूल दिसत होती, पानं पिवळी, जमीन तडकलेली. मी विचारलं की पाणी नाही का, तर म्हणाले, ताण देऊन ठेवला आहे, आता चारसहा दिवसांत पाणी सोडलं की फुलतील. आंब्या बहार असाच धरतात, झाडाला उपाशी ठेवून. यात तुम्ही काही अर्थ शोधू नका, मीही शोधला नाही. हे बागाइतदाराचं साधं गणित आहे. वहिनींनी चहा आणला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भाऊंच्या शेजारी बाजेवर बसल्या. मला वाटलं त्या आत जातील. नाही गेल्या. मग मी म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

"भाऊ, पेटीत गळती नव्हती. गोधडीची खालची कड उसवली होती, ते म्या सुती दोऱ्यानं शिवली. अन् मंग बर्फ दिसल्यावर तो दोरा म्याच काढून टाकला. तुमच्या कड्यावर ढकललं."

बोलून झालं. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या झाडाकडे बघत होते. मी ऐकायला तयार होते. ते काहीही म्हणाले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी विचारलं, शिवण केवढी होती? मी म्हटलं, वीतभर, दुहेरी दोरा. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी मांडू लागली. नऊ वर्षांनी मला तो माणूस पुन्हा काम करताना दिसत होता.

"मंग गळतीसारखा एकदम नसन आला बर्फ," ते म्हणाले. "पह्यल्या रात्रीपासून धरत गेला असन. दर रात्री थोडा थोडा."

मी हो म्हटलं. त्यांची बोटं थांबली. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मग ते म्हणाले, "मले दिसलं होतं."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, सावकाश, झाडाकडेच बघत. ग्रहाच्या तीन रात्री होत्या. पहिल्या रात्रीपेक्षा दुसऱ्या रात्री खळगा खोल होता. ग्रहाची हवा अशी आठपंधरा दिवसांत दाट होत नसते. हे त्यांना दुसऱ्याच रात्री आलेखात दिसलं, आणि त्यांनी तो आलेख मिटून ठेवला. तिसऱ्या रात्रीचं वेगळं काढून पाहू म्हटलं, आणि पाहिलंच नाही. तिन्ही रात्री एकत्र करून टाकल्या. एकत्र केल्यावर खळगा सुरेख दिसत होता. मग माझा अहवाल आला, अचानक गळती म्हणून, आणि त्यांना सुटल्यासारखं झालं. गळती काय, कधीही होते, तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही की तुम्हाला आधी कसं कळलं नाही. आखणीची चूक त्यांनी हसत कबूल केली, कारण त्यामागे ही दुसरी झाकली जात होती.

"चुकलेलं माफ होते," भाऊ म्हणाले. "म्या तं पाहून नाई पाह्यलं. अन् पोरांले सांगत होतो, आपलं घर झाड म्हणून. मंग तिथं कोणत्या तोंडानं राहू? म्हणून आलो पळून."

मला राग आला. पश्चात्ताप करायला गेलेल्या बाईला राग यावा हे बरं दिसत नाही, पण आला, आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. नऊ वर्षं! मी त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवत होते तेव्हाही यांच्यापाशी अर्धी चूक पडून होती. मी म्हटलं, तुमी मले सांगतलं काहून नाई? भाऊ पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "मले वाटलं तुले समजलं आहे. तू आकडे पाह्यले असतीन. म्हणून तू येत नाई."

वहिनी उठल्या. म्हणाल्या, दर रविवारी हे एक ताट जास्तीचं काढतात अन् मंग परत ठेवून देतात, मले तं कोणी काई सांगतलंच नाई. आणि आत निघून गेल्या, तव्यावर काहीतरी टाकल्याचा आवाज आला.

संध्याकाळच्या आत आम्ही संस्थेला पत्र लिहिलं. दोघांच्या सहीचं. त्यावरून भांडणही झालं: कोणाची चूक आधी लिहायची. भाऊ म्हणत, मी मोठा, माही पह्यले. मी म्हटलं, दोरा आधी, आलेख मागून, जसं झालं तसं लिहा. शेवटी माझं ऐकलं. भांडताना आमचे आवाज चढले तसे शेजारच्या बागेतला माणूस कुंपणापाशी येऊन बघून गेला. मला आतून काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, पण आनंद म्हणावा असं ते नव्हतं. खूप दिवस बंद असलेल्या खोलीत गेल्यावर आधी कुबट वासच येतो, तसं काहीसं. पत्र भाऊंच्या भाच्याच्या संगणकावरून पाठवलं. मी रात्रीच्या आत अकोल्याला परतले.

आज दुपारी उत्तर आलं. दोन ओळींचं. आपण कळवलेल्या माहितीची नोंद घेतली आहे. सदर उपकरण काही वर्षांपूर्वी मोडीत काढण्यात आले आहे. खाली कोणा अनोळखी मुलाची सही. मी ते लगेच फोनवर भाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, बस? मी म्हटलं, बस. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. कोणी रागावलं नव्हतं, कोणी नवल केलं नव्हतं, कोणाला आमची नावंही ओळखीची वाटली नव्हती. त्यावर भाऊ काही बोलायला गेले आणि थांबले, आणि फोनवरचं ते थांबणं त्यांचंही आहे हे मला आज कळलं. मग म्हणाले, रविवारी येजो. मी बरं म्हटलं.

तो ग्रह या घडीलाही आपल्या ताऱ्याभोवती फिरतो आहे, आणि त्याच्या हवेत पाणी आहे की नाही हे अजून कोणाला ठाऊक नाही. आणखी चांगल्या पेट्या होतील, कळेल केव्हातरी. ते न कळल्याचं मला दुःख नाही. भाऊ आता अडुसष्टचे, मी बासष्टची. आता रविवार किती यायचे तेवढे येतील. मला छळतं ते एवढंच, की माझ्या मनातलं अख्खं, एकही शब्द समजावून न सांगता, ज्याला कळलं असतं असं माणूस या जगात मला एकच मिळालं होतं, आणि तो एक सोडून मी नऊ वर्षं सगळ्यांशी बोलत राहिले.